बॅटरी म्हातारी का होते?
(वार्षिक समारंभातील भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास शिकविणारा माणूस. या विषयावर बोलण्याचा मला तसा अधिकार नाही. पण नववीतील एका मुलाने विचारले, "सर, मोबाईलची बॅटरी म्हातारी का होते?" हा मुलगा सुटीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. दहावीनंतर त्याला तेथेच कायम बसवावे, असा घरच्यांचा विचार आहे. त्याच्यासाठी मला वाचावे लागले आणि विज्ञानाच्या शिक्षकांना त्रासही द्यावा लागला.

बॅटरी चार्ज होताना लिथियमचे कण ऋण टोकाकडील ग्राफाइटच्या थरांत मुक्कामाला जातात. वापरताना परत निघतात. ग्राफाइट म्हणजे शिसपेन्सिलीतलेच द्रव्य. ही ये-जा शक्य आहे हे १९८० साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे दाखवून दिले ते मोरोक्कोच्या फेस शहरात जन्मलेल्या रशीद याझामी यांनी. २०१४ मध्ये इतर तिघांसह त्यांना ड्रेपर पारितोषिक मिळाले. आता म्हातारपणाचे कारण. ग्राफाइटवर एक पापुद्रा चढत जातो आणि त्यात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकते. (बॅटरी फुगते ती मात्र आतल्या वायूमुळे. तिला टाचणी लावू नका, मुलांनो!)

शिवाय ग्राफाइटची सराय लहान. सहा कार्बन अणूंमागे एकच लिथियम; ग्रॅममागे सुमारे ३७२ मिलिअँपिअर-तास. सिलिकॉनमध्ये हा आकडा ३,५०० च्या वर जातो. मग अडचण काय? लिथियम पोटात घेताना सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होते, मग आकसते आणि तडकते. आपली कपाशीची काळी जमीन पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळते, तसेच. प्रत्येक भेगेत नवा पापुद्रा, म्हणजे आणखी लिथियम वाया. काळ्या मातीत पाया घालताना गवंडी मुरूम भरतो. शास्त्रज्ञांनीही तशीच तोड काढली. सिलिकॉनचे कण नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या, मापात आणले. इतका लहान कण फुगला तरी सहसा तडकत नाही. ते कण कार्बनमध्ये मिसळून भोवती फुगायला जागा ठेवली.

हे सिलिकॉन कशातून काढता येते? धानाच्या तुसातून! तुसाच्या राखेत बहुतांशी सिलिकाच असते. त्यापासून बॅटरीजोगे नॅनो-सिलिकॉन बनविता येते, हे २०१३ मध्ये संशोधकांनी दाखविले. भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमागे या तुसाचे ढीग आपण पाहतोच. पुण्याच्या सी-मेट या सरकारी संस्थेतही बॅटरीच्या द्रव्यांवर संशोधन चालते.

हे ऐकून तो म्हणाला, "तेथे जायला काय शिकावे लागते?" मी सांगितले, बारावी विज्ञान, मग रसायन किंवा भौतिकशास्त्रात एम.एससी. त्याने ते वहीत उतरून घेतले. त्याचे वालिद आज समोर बसले आहेत. दुकान फक्त संध्याकाळचे ठेवता येईल काय, एवढेच मला त्यांना विचारावयाचे आहे.