चर्चशेजारची मराठी शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला विषय दिला आहे, ‘आपल्या वसईतील कॅथलिक प्राथमिक शाळा’. ‘मिशनची शाळा’ म्हटले की बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटते, तेथे सारा कारभार इंग्रजीत चालत असेल. आपल्याकडे मात्र चर्चच्या आवारात ज्या शाळा उभ्या राहिल्या, त्यांत मराठी शाळा पुष्कळ. कारण उघड आहे. येथला ख्रिस्ती माणूस मराठीच बोलतो. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. राज्ये आली नि गेली, कित्येक घरांचा धर्म बदलला. पण वाडीतली आणि चुलीपुढची भाषा तीच राहिली.

आता ही मराठी म्हणजे पुस्तकातली मराठी नव्हे बरे का! कोणाच्या घरी सामवेदी, जिला आपण कादोडीही म्हणतो. कोणाच्या घरी वाडवळी. सहा वर्षांचे मूल ही बोली तोंडात घेऊन पहिलीच्या वर्गात येते. पाटीवर पुस्तकी शब्द असतो, त्याच्या ओठावर घरचा. अशा वेळी बाई त्याच्याच गावची असली, तर ती त्याला हसत नाही. त्याचा शब्द ऐकून घेते आणि त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द ठेवते. माझ्या मते आपल्या या शाळांचे सगळ्यांत मोठे काम हेच. इमारत, बाके, बँड हे सारे त्याच्या मागून.

डिमेलो, लोपीस, परेरा यांच्या रांगेत पाटील, राऊत, नाईकही बसतात. कोणी विचारतात, तेथे आमच्या मुलाला धर्म शिकवतील का? भगिनींनो, घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. तसेच २८ व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य शाळेत, पालकांची संमती नसेल तर, मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. दोन्ही कलमे आपण आयांनी माहीत करून घ्यावीत. म्हणजे ओट्यावरच्या कुजबुजीला जागाच राहणार नाही.

नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी शाळेतच शिकले. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. तेव्हा हळहळलेल्या आपल्यांपैकी कितीजणींची नातवंडे आज मराठी शाळेत आहेत? हात वर करायला सांगत नाही, काळजी नसावी!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण टाळ्या वाजवल्या. जून उजाडताच मात्र मुलांना इंग्रजी माध्यमात घालायला रांगेत उभ्या राहिलो. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले, हे खरे. पण एक विषय म्हणून मराठी घेणे वेगळे आणि गणित, भूगोल, परिसर मराठीतून समजणे वेगळे. चर्चने शाळा बांधली, बाईंनी वर्ग सांभाळला; पटावर नाव घालणे हे मात्र घरातल्या बाईच्या हातचे आहे. इंग्रजी नको असे मी म्हणत नाही. माझ्या सुनेने मला घराबाहेर काढले असते! पण मराठी पाया पक्का करून चांगले इंग्रजी शिकलेली माणसे याच सभागृहात बसली आहेत.

तेव्हा माझी सूचना अशी. येत्या मे महिन्यात मंडळातल्या दोघीतिघींनी आपापल्या गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना भेटावे आणि पहिलीच्या पटावर किती नावे आहेत ते विचारावे. मग आळीतल्या सहा वर्षांच्या मुलांची यादी करून त्यांच्या आयांकडे जावे. शाळेत इंग्रजी संभाषणाचा तास हवा असेल, तर तो घ्यायला आपल्याच मंडळात निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी आपली नावे आजच चिटणीसबाईंकडे द्यावीत. वही त्यांच्या टेबलावर ठेवली आहे.