उंबरावर चढलेला माणूस



पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. नव्या वर्षाला मी संकल्प सोडला की, संपूर्ण बायबल वर्षभरात वाचून काढायचे. हिशेब सोपा होता. आमच्या घरच्या बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय. रोज सव्वातीन अध्याय वाचले की ३१ डिसेंबरला काम फत्ते! भिंतीवर तक्ता लावला. अध्याय झाला की लाल पेन्सिलीने फुली. उत्पत्ती झाले, निर्गम झाले आणि लेवीयपाशी गाडी अडली. यज्ञबलींचे नियम, चर्मरोगांची लक्षणे... एक दिवस चुकला, मग चार. उधारी थकलेला माणूस वाण्याच्या दुकानावरून जायचे टाळतो, तसा मी बायबलच्या कपाटापासून लांब राहू लागलो.

त्यातच आई आजारी पडली. मग मी देवाशीही व्यवहारच केला. राहिलेले अध्याय भरून काढतो, तू तिला बरे कर. अध्याय मी भरून काढले. आई जुलैमध्ये गेली. तक्त्यावरच्या फुल्या पूर्ण होत्या आणि मी आतून रिकामा होतो. त्यानंतर वर्षभर मी बायबल उघडले नाही.

उघडले ते आईचे. तिच्या उशाशी असायचे ते. आई चौथीपर्यंत शिकलेली. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या पानापानांवर, समासात, तिने बारीक अक्षरात प्रश्न लिहून ठेवले होते. उधळ्या मुलाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मुलगा घर सोडून जातो, सगळे उधळून परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. त्या गोष्टीशेजारी आईने लिहिले होते, 'याची आई कुठे?' मी ती गोष्ट कितीतरी वेळा ऐकली होती. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी वाचत होतो ते संपवण्यासाठी. आई वाचत होती ते समजून घेण्यासाठी.

त्या दिवशी मी तसाच पुढे वाचत गेलो आणि अठराव्या-एकोणिसाव्या अध्यायांत दोन श्रीमंत माणसे भेटली. पहिला एक अधिकारी. तो येशूला विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला मी काय करू? सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळल्याचेही सांगतो. म्हणजे त्याचाही तक्ता पूर्ण होता! असेल ते विकून गरिबांना दे, असे येशू सांगतो आणि तो खिन्न होतो. दुसरा यरीहोचा जक्कय, जकातदारांचा मुख्य, लोकांच्या नावडीचा. त्याला काही मिळवायचे नव्हते. येशू कोण आहे ते फक्त पाहायचे होते. बुटका असल्यामुळे तो उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्याकडे एक पैसाही मागत नाही, त्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरतो. आणि हा जक्कय आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो. उद्दिष्ट घेऊन आलेला माणूस हिरमुसला आणि कुतूहलाने आलेला बदलून गेला.

आपल्या मराठी मुलखातही अशी माणसे झाली. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. ते वाचत गेले, डोंगरावरील प्रवचनापाशी गुंतले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना पतीच्या मागोमाग जाणे सोपे होते. पण त्या गेल्या नाहीत. अनेक वर्षे पाहत, विचार करत, स्वतःशी भांडत राहिल्या आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी त्या श्रद्धेपर्यंत पोचल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना ही वाटचाल पानोपानी दिसते.

कुणी म्हणेल, नुसत्या कुतूहलाने काय होते? नेम नको का? नेम हवाच. पण कुतूहल म्हणजे आळस नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही आपल्या गुरुभगिनींना धर्मतत्त्वांवर प्रश्न विचारणे थांबवले नाही. 'आता फक्त ऐका' हे त्यांना मान्य नव्हते. पुढे केडगावला त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या राबल्या. जिज्ञासेने करवून घेतलेले एवढे काम कोणत्या तक्त्यावर मावले असते?

कुतूहल स्वस्तही नसते. टिळकांच्या घराची त्यापायी काही वर्षे ताटातूट झाली. प्रश्न विचारणाऱ्याला हवे तेच उत्तर मिळेल, याची हमी नाही. मी आईसाठी प्रार्थना केली ती चूक होती, असे मला आजही वाटत नाही. लेकराने मागू नये तर कोणी मागावे? चूक एवढीच झाली की, मी मागण्याचा सौदा केला आणि समोर कोण आहे, हे पाहायचे राहून गेले.

आता माझ्या भिंतीवर तक्ता नाही. सकाळी चहा झाला की आईचे बायबल उघडतो. कधी एक अध्याय होतो, कधी दोन ओळींवरच तास जातो. लेवीयसुद्धा आता कंटाळवाणे वाटत नाही. इतक्या बारकाईने नियम लिहिणाऱ्या त्या माणसांना कशाची काळजी वाटत असेल, असा विचार मनात येतो.

'याची आई कुठे?' या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. पण त्याच्याखाली, माझ्या अक्षरात, आता माझाही एक प्रश्न आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)