तिसऱ्या रकान्यातला धूर

(फोपनार येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेतला विषय वाचून सभेआधीच काहींनी मला विचारले, वर्तमानपत्राच्या कंपनीने आपले कार्बन उत्सर्जन कसे कमी करावे हे आम्हाला सांगून काय उपयोग? तो त्यांचा कारभार. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की या कारभाराची एक बाजू आपल्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यात उभी आहे. भुसावळकडून खंडव्याला जाणारी गाडी बुऱ्हाणपूर सोडून पुढे निघाली की नेपानगर लागते. देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना तिथला.

१९४७ साली एका खासगी कंपनीने तो काढायला घेतला. पैसा अपुरा पडला, तेव्हा जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारने तो हाती घेतला, आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे केंद्र सरकारकडे मालकी गेली. त्याआधी आपल्या देशातली बहुतेक वर्तमानपत्रे परदेशी कागदावर छापली जात. वर्षाला तीस हजार टनांची क्षमता घेऊन हा कारखाना सुरू झाला आणि १९८०च्या दशकाच्या तोंडापर्यंत वर्तमानपत्री कागद बनवणारा देशात हा एकटाच होता. लगद्यासाठी लागत होती आपल्या सातपुड्यातली सालई आणि बांबू. ज्या सालईचा डिंक कोरकू माणूस गोळा करून बाजारात विकायचा, तीच सालई कापून तिच्यावर देशाच्या बातम्या छापल्या गेल्या. त्या काळाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. नव्या देशाला वाचायला कागद हवा होता. पण वर्तमानपत्र म्हणजे आधी जंगल, पाणी, कोळसा आणि मग शाई, हे आपल्या निमाडच्या माणसाला जितके जवळून दिसले तितके संपादकाच्या खुर्चीवरून दिसले नाही.

आता हिशेब मांडू. सोळा पानांचा मोठ्या आकाराचा अंक घ्या. त्याचे कागद आठ. एका कागदाचे क्षेत्रफळ अठरा शतांश चौरस मीटरच्या आसपास. वर्तमानपत्री कागदाचे वजन चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम असते. गुणाकार केला की अंक भरतो सुमारे ६५ ग्रॅमचा. हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण एक लाख प्रती छापणाऱ्या वर्तमानपत्राला रोज साडेसहा टन कागद लागतो, वर्षाचा तेवीसशे टनांच्या वर जातो. कागद बनवताना होणारे उत्सर्जन कारखान्यागणिक बदलते. ढोबळ हिशेबाला टनामागे एक टन कार्बन डायऑक्साइड धरायला हरकत नाही. म्हणजे छपाईयंत्राचे बटण दाबण्याआधीच त्या वर्तमानपत्राच्या नावावर वर्षाला दोन हजार टनांहून अधिक धूर जमा झालेला असतो.

त्याच्या शेजारी वाहतूक ठेवून पाहा. जळगावला छापलेल्या मराठी पेपरची गाडी पहाटेच्या आत बुऱ्हाणपूरला पोहोचते. जाऊन-येऊन अंतर दोनशे किलोमीटर धरू. गाडी लिटरला बारा किलोमीटर देत असेल तर सतरा लिटर डिझेल जळते. एका लिटर डिझेलमागे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे सगळा मिळून पंचेचाळीस किलोंच्या आसपास. त्याच गाडीत पाच हजार अंकांचे गठ्ठे असतील तर त्यांचा कागद सव्वातीनशे किलो, आणि त्या कागदाचा धूरही तेवढाच. गाडीपेक्षा सातपट. आपल्याला रस्त्यावर दिसते ती गाडी, म्हणून कंपन्याही आधी गाडीचेच बोलतात. गाडी सीएनजीवर नेली, दोन पेपरांनी मिळून एकच गाडी ठेवली, तर ते चांगलेच आहे, करावेच. पण मुख्य ओझे गाडीच्या आत, गठ्ठ्यांत आहे.

हे कंपन्यांना कळत नाही असे नाही. गोची आहे ती हिशेब ठेवण्याच्या पद्धतीत. जगभर उत्सर्जन तीन रकान्यांत मांडतात. पहिल्यात कंपनीने स्वतः जाळलेले इंधन: जनरेटरचे डिझेल, स्वतःच्या गाड्या. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात बाकी सगळे: घेतलेला कच्चा माल, ठेकेदाराच्या गाड्या, माल विकल्यानंतर त्याचे जे होते ते. सेबीने २०२२-२३ या वर्षापासून शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला. चांगले पाऊल होते. मोठे वृत्तपत्र समूहही बाजारात नोंदलेले आहेत. ज्या भास्कर समूहाचा ‘दिव्य मराठी’ जळगावकडे वाचला जातो, त्याची कंपनी २०१० पासून बाजारात नोंदलेली आहे. पण या अहवालात पहिले दोन रकाने भरणे सक्तीचे आणि तिसरा ऐच्छिक, आणि वर्तमानपत्राचा कागद बसतो नेमका तिसऱ्यात. सिमेंटच्या कारखान्याला पहिल्या दोन रकान्यांत पकडता येते, कारण त्याची भट्टी त्याच्याच अंगणात असते. वर्तमानपत्राची भट्टी दुसऱ्याच्या अंगणात असते. त्यामुळे छापखान्याच्या छतावर सौरपॅनेल बसवली, दिवे एलईडीचे केले, की अहवालातला आकडा झपाट्याने खाली येतो आणि कंपनीला ते खरेही वाटते. पॅनेल बसवू नयेत असे मी म्हणणार नाही. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे पाऊण किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड सोडते, तेवढा तरी वाचतो. पण ज्या हिशेबात सगळ्यात जड वस्तूच धरलेली नाही, तो हिशेब अपुरा आहे.

म्हणून आता कागदाच्या यंत्रापाशी जाऊ. रद्दीपासून कागद करताना आधी ती मोठ्या टाकीत गरम पाणी आणि रसायने घालून घुसळतात, तिचा लगदा होतो. त्यात साबणासारखे द्रव्य मिसळून खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि वरचा काळा फेस काढून टाकतात. स्वच्छ लगदा पाण्यात इतका पातळ करतात की तो दिसतो ताकासारखा, शंभर भागांत एखादाच भाग तंतू. तो धावत्या जाळीवर पसरतो, पाणी निथळते, मग रुळांखाली दाबून आणखी पिळतात. इतके करूनही दाबाखालून निघालेल्या पट्ट्यात निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक असते. ते निघते फक्त उष्णतेने. वाफेने तापवलेल्या लोखंडी सिलिंडरांच्या रांगेवरून पट्टा धावतो आणि एक टन कागद तयार होईपर्यंत जवळपास एक टन पाणी वाफ होऊन उडालेले असते. पेपरच्या कार्बनचा मोठा भाग म्हणजे हे पाणी उडवायला लागलेले इंधन. आपल्याकडच्या अनेक कारखान्यांत ते इंधन कोळसा आहे.

इथे एक अडचणीची गोष्ट बोललीच पाहिजे. देशी तेवढे स्वच्छ, असे गृहीत धरता येत नाही. आपल्या वर्तमानपत्रांच्या कागदाचा मोठा भाग अजूनही बाहेरून येतो, त्यात रशिया आणि कॅनडा प्रमुख. कॅनडात क्वेबेकसारख्या प्रांतात वीज जवळजवळ सगळी धरणांवरची. तिथला कागद समुद्र ओलांडून आला तरी टनामागचा त्याचा धूर आपल्या कोळशाच्या बॉयलरवरच्या कागदापेक्षा कमी भरू शकतो. जहाज टनाला फार थोडे इंधन खाते. परदेशी कागदात बहुधा ताजे लाकूड असते आणि आपल्यात मुख्यतः रद्दी, हा आपल्या बाजूचा मुद्दा आहे आणि मोठा आहे. पण बॉयलर बदलल्याशिवाय तो पुरा पडत नाही.

नेपानगरचे उदाहरण यासाठीच महत्त्वाचे. जुनी यंत्रे थकली, तोटा वाढला, २०१६ मध्ये उत्पादन थांबले. केंद्राने नूतनीकरणाला पैसा दिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला, वर्षाला एक लाख टनांच्या क्षमतेने. शाई काढण्याची नवी यंत्रणा आली. सालई गेली, रद्दी आली. जंगल वाचले, ही निमाडसाठी साधी गोष्ट नाही. उरला प्रश्न उष्णतेचा. आणि इथे आपल्या शेताचा संबंध येतो. कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या आपण बांधावर पेटवून देतो. त्यांचे दाबून ठोकळे केले तर ते कोळशाच्या जागी बॉयलरमध्ये जाळता येतात. देशात अनेक कारखाने ते करतातही. मला केळीच्या खोडाबद्दल नेहमी विचारतात. बुऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यात घड काढल्यावर खोडांचे ढीग पडतात, त्यांचे काय? खोडातला तंतू लांब आणि मजबूत असतो, त्याचा हातकागद उत्तम होतो, दोर-टोपल्या होतात. पण खोडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असते. ट्रॅक्टरभर खोड म्हणजे मुख्यतः ट्रॅक्टरभर पाणी. जळणाला ते निरुपयोगी, आणि रोजच्या वर्तमानपत्री कागदाला लांबवर वाहून नेणे परवडणारे नाही. तंतू गावातच काढून पाठवला तर गोष्ट वेगळी, पण तो मग वर्तमानपत्रापेक्षा चांगल्या किमतीच्या कागदाला जावा.

पऱ्हाटी गोळा करायची, ठोकळे करायचे, बॉयलर बदलायचा, तर कागद कारखान्याला गिऱ्हाइकाची खात्री लागते. ती वर्तमानपत्रेच देऊ शकतात. दहा वर्षांचा करार करून अमुक इतका रद्दीचा, कोळशाविना वाळवलेला कागद घेऊ, असे एखाद्या समूहाने लिहून दिले, तर त्याचा परिणाम शंभर छतांवरच्या पॅनेलपेक्षा मोठा होईल, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा उपाय कागद कमी वापरण्याचा. ४५ ग्रॅमऐवजी ४२ ग्रॅमचा कागद घेतला की सुमारे सात टक्के कागद तिथेच वाचतो. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ मध्ये कागद भडकला तेव्हा बऱ्याच वर्तमानपत्रांनी पाने कमी केली. आपण वाचक त्यामुळे उपाशी राहिलो नाही. मात्र पाने कमी करण्याची सक्ती सरकारने करू नये. १९७२ साली बेनेट कोलमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी न्यूजप्रिंट धोरणातल्या पानांवर मर्यादा घालणाऱ्या तरतुदी रद्द केल्या, आणि कागदाचा लगाम म्हणजे विचाराचा लगाम होऊ शकतो, ही भीती आजही खरी आहे. हा निर्णय वर्तमानपत्राने स्वतः घ्यायचा. कागद कमी करण्यात अडथळा जाहिरातीच्या दरांचा आहे. खपाचा आकडा मोठा तितका दर चढा, म्हणून योजना काढून, भेटवस्तू देऊन प्रती वाढवल्या जातात, आणि एकाच घरात दोन अंक येऊन एक घडी न मोडता रद्दीत जातो. न वाचलेल्या अंकाचा धूर वाचलेल्या अंकाइतकाच असतो.

देशाबाहेर कोणते वर्तमानपत्र आपले उत्सर्जन स्वतःहून कमी करते का? लंडनच्या ‘द गार्डियन’ने २०१९ मध्ये जाहीर वचन दिले की २०३० पर्यंत आपले उत्सर्जन नक्त शून्यावर आणू. पुढे त्यांनी दोन तृतीयांश कपातीचे उद्दिष्ट ठेवले आणि हिशेबात पुरवठादारांचा कागदही धरला, म्हणजे तिसरा रकाना भरला. जानेवारी २०१९ मध्ये पुरवण्यांचे प्लास्टिक वेष्टण टाकून बटाट्याच्या पिठुळापासून केलेले वापरले, आणि जानेवारी २०२० मध्ये तेल-वायू काढणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती घेणे बंद केले. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड, कारण तिथे उत्पन्न सोडावे लागले.

तरुण मित्र म्हणतील, कागदच कशाला, मोबाइलवर वाचू. वाचा. पण मोबाइल शून्य नाही. जगातल्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये एकूण विजेच्या सुमारे दीड टक्का वीज घेतली, आणि मोबाइल बनवतानाच त्याच्या आयुष्यातल्या कार्बनचा बहुतांश भाग सुटून गेलेला असतो. बातमी चार ओळींची वाचली तर खर्च नगण्य. तिच्यासोबत आपोआप सुरू होणारे व्हिडिओ पाहत बसलो तर वाढत जातो. त्यामुळे डिजिटल आवृत्ती काढली म्हणजे आपण हिरवे झालो, असे कंपनीने समजू नये. त्या आवृत्तीचाही हिशेब छापावा. शिवाय चावडीवर एक पेपर दहा जण वाचतात, तेव्हा दर माणशी कागद अगदी थोडा राहतो. आपल्या गावांतली ही पद्धत मोडू देऊ नका.

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, वळवाच्या एका वादळात उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचे फोटो येतात. त्या बातमीबद्दल मी वर्तमानपत्रांचा ऋणी आहे. पण ज्या पानावर ती छापली जाते त्या पानाचाही हिशेब आपल्याला मिळाला पाहिजे.

तेव्हा माझी विनंती अशी. तुमच्या घरी जो पेपर येतो, मराठी असो की हिंदी, त्याच्या संपादकांना एक पोस्टकार्ड टाका. तीन गोष्टी विचारा: तुमचा कागद कुठून येतो, त्यात रद्दी किती, आणि तिसऱ्या रकान्यातला आकडा तुम्ही छापणार कधी? आणि घरची रद्दी कोरडी ठेवून, प्लास्टिक वेगळे काढून, रद्दीवाल्याला द्या. ओली किंवा प्लास्टिक मिसळलेली रद्दी लगद्याच्या कामाची राहत नाही.