लाइटीच्या खांबातली वीज

(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या आयाबहिणींनो, जय भीम.

मी गाणारा नाही. ढोलकीवर माझा हात बसत नाही, यमक मला जुळत नाही. मी नाक्यावर उभा राहून ऐकणारा माणूस. तेव्हा समीक्षा-बिमीक्षा माझ्याकडनं मागू नका. ऐकणाऱ्याची साक्ष देतो, बस्स.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा घरी आला. रॅप करतो. स्पीकर भाड्याचा, माईक दोस्ताचा, स्टेज म्हंजे नळाजवळचा कट्टा. त्याला एका कंपनीचं बोलावणं आलेलं. गाणं घेतो म्हणाले, पैसे देतो म्हणाले, फक्त दोन ओळी काढ. कुठल्या दोन ते तुम्ही ओळखलंच असेल. ज्यात जातीचं नाव होतं त्या. पोरगा म्हणाला, "काका, भाडं तीन महिने थकलंय. काय करू?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर झोप नाही. तेच उत्तर शोधत इथं उभा आहे.

आधी हे गाणं जिथं जन्मलं त्या गल्लीत चला. न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स. तिथं मोटारींसाठी वस्तीच्या पोटातून हमरस्ता नेला, क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे. हजारो माणसं उठवली. उरलेल्या इमारतींकडं मालकांनी पाठ फिरवली, विम्याच्या पैशापायी कित्येक पेटवून दिल्या. काळी माणसं, पोर्तोरिकन माणसं त्या राखेत राहिली. ओळखीचं वाटतंय ना? वस्ती उठवायची तऱ्हा सगळीकडं एकच. नकाशा त्यांचा, घर आपलं.

११ ऑगस्ट १९७३. पत्ता १५२०, सेजविक ॲव्हेन्यू. सिंडी कॅम्पबेल नावाच्या पोरीनं इमारतीतल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. कशासाठी? शाळा उघडणार होती, नवे कपडे घ्यायचे होते. प्रवेश पोरींना २५ सेंट, पोरांना ५०. रेकॉर्डी वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हंजेच डीजे कूल हर्क. बारा वर्षांचा असताना जमैकातून आलेला. हर्कचं नाव जगभर झालं, व्हायलाच पाहिजे. पण पार्टी सिंडीची होती. मेळाव्याच्या भाकऱ्या कोण थापतं आणि हार कुणाच्या गळ्यात पडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हर्कनं एक गोष्ट हेरली. गाणं थांबून नुसता ताल वाजतो, त्या काही सेकंदांची नाचणारे वाट बघतात. मग त्यानं एकच रेकॉर्ड दोन यंत्रांवर लावली. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू. सेकंदांची मिनिटं केली. ऐकायच्या यंत्राचं त्यानं वाजवायचं वाद्य केलं. पुढं पोरं बागेत, रस्त्यावर आली. वीज कुठून? रस्त्याच्या दिव्याच्या खांबातून. ज्या शहरानं त्यांच्या घरात अंधार केला, त्याच शहराच्या खांबातून त्यांनी आपला आवाज ओढून काढला. मित्रांनो, मला हिपहॉप आवडतं ते या खांबासाठी.

आता बाजाराकडं बघा. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ही रेकॉर्ड गाजली. तिच्यातली काही कडवी ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझची. त्याच्या वहीतली. गाणाऱ्यानं ती इतकी जशीच्या तशी म्हटली, की कॅझच्या टोपणनावाची अक्षरंसुद्धा तशीच राहिली! रेकॉर्ड खपली. कॅझला ना श्रेय, ना पैसा. वस्तीचं गाणं पहिल्यांदा मोठ्या बाजारात गेलं आणि वहीवाला दारातच राहिला.

म्हणून काहींनी वेगळी वाट धरली. हार्लेममध्ये वाढलेल्या इम्मॉर्टल टेक्निकनं २००१ साली पहिला अल्बम कंपनीशिवाय काढला, रस्त्यावर उभा राहून हातानं विकला. लॉस एंजेलिसमध्ये १९८९च्या अखेरीस 'गुड लाइफ' नावाच्या छोट्या कॅफेत दर गुरुवारी माईक मोकळा ठेवू लागले. अट एकच, शिवी द्यायची नाही. जमलं नाही तर समोरचे ओरडायचे, माईक पुढं दे! आपल्या रॅपवाल्या पोरांनो, हे कान देऊन ऐका. व्यवस्थेवर चिडायचं आणि शिवी मात्र आईबहिणीवरून द्यायची, हा कसला विद्रोह? भिंतीला टेकलेल्या बाया उगाच निघून जात नाहीत.

काही शहाणे म्हणतात, हे परदेशी खूळ. अरे, आपली पेटी तरी कुठली? हार्मोनियम युरोपातनं आली आणि भीमगीतात बसली. आपल्या पँथरनं १९७२ साली नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादांची वणवण, १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकरांनी उभं केलेलं लाल बावटा कलापथक, यांना कुठल्या कंपनीनं स्टेज दिलं होतं? २०१८च्या जानेवारीत चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा स्टेजवर आलं. त्यात गाना आणि रॅप एकत्र, नाव अयोती दासांच्या 'जातिविरहित तमिळ' या विचारावरून. जात हा शब्द खोडला असता तर त्यांच्याकडं नावसुद्धा उरलं नसतं.

मग पोराला सांगू काय? 'सही करू नकोस, विद्रोही राहा'? माझ्या बापाचं काय जातं? भाडं त्यानं भरायचं आणि स्वाभिमान मी मिरवायचा, ही भाषा प्रस्थापितांची. खरं सांगतो, दोन वर्षं मी त्याची गाणी फोनवर फुकट ऐकतोय. खाली 'कडक भावा' लिहितो आणि झोपतो. स्पीकरचं भाडं कोण देतं, कधी विचारलं नाही. त्या दोन ओळी कंपनी कापतेय, खरं. पण सुरी आम्ही फुकट्यांनीच तिच्या हातात दिली.

जलशात ऐकणारा उठून रुपया ठेवायचा. दौलतजादा म्हणून नव्हे, तेल-मिठाचा वाटा म्हणून. गाणारा एकट्याच्या जिवावर स्वतंत्र राहत नाही. ऐकणाऱ्यांनी मिळून त्याला स्वतंत्र ठेवायचं असतं.

पोरगा तिथं मागं बसलाय. त्यानं अजून सही केलेली नाही. उद्या केली तर त्याला गद्दार म्हणायचा हक्क फक्त त्यालाच, ज्यानं आज खिशात हात घातला.

माझं बोलणं संपलं. आता तो गाणार आहे, दोन्ही ओळींसकट. आणि हा डफ मी उलटा करून फिरवतोय. पहिले पाचशे माझे.

माईक पुढं देतो. जय भीम.