चुलीपासून निघालेला शब्द
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज मी एका शब्दाची हकीकत सांगणार आहे. शब्द परका, पण आपल्या ओळखीचा. फोटो काढताना ‘फोकस’ जुळवतात ना, तोच! प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेत ‘फोकुस’ म्हणजे घरातली चूल.

विस्तवाला लॅटिनमध्ये निराळा, भारदस्त शब्द होता – ‘इग्निस’. तो आपल्या ‘अग्नी’चा भाऊच, दोघांचे मूळ एक. पण रोमचे साम्राज्य लयाला गेले, लोकांच्या बोलींतून नव्या भाषा झाल्या, आणि ‘इग्निस’ मागे पडला. घरोघरी विस्तव दिसे तो चुलीत. तेव्हा चुलीचा शब्दच विस्तवाचा झाला. इटालियन ‘फुओको’, स्पॅनिश ‘फुएगो’, पोर्तुगीज ‘फोगो’ ही सारी त्याचीच लेकरे. आपल्याकडे मात्र ‘अग्नी’ची ‘आग’ झाली आणि घरात टिकली.

चुलीवरून घर ओळखावे, ही रीत तिकडेही आहे. स्पॅनिशमध्ये ‘ओगार’ म्हणजे घरसंसार. तोही याच कुळातला. पोर्तुगालात पूर्वी कुटुंबे मोजत ती ‘फोगो’ म्हणून. आपण नाही का म्हणत, धाकट्याने वेगळी चूल मांडली!

मध्ययुगात युरोपात रात्री घंटा होई, की चुली झाका. नाहीतर गाव पेटायचे. ‘विस्तव झाका’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून इंग्रजीतला ‘कर्फ्यू’ आला. आपल्या आज्या निखारे राखेखाली झाकीत, ते सकाळसाठी विस्तव राहावा म्हणून.

पुढे १६०४ साली केप्लर या जर्मन ज्योतिर्विदाला, प्रकाशाचे किरण जेथे एकवटतात त्या बिंदूसाठी नाव हवे होते. त्याने ‘फोकस’ हेच नाव योजले. भिंगाखाली त्याच ठिकाणी कागद पेटतो. मग चूल म्हणायला हरकत कसली?

भगिनींनो, स्वयंपाकघरातली भाषा ती काय, असे पुष्कळांना वाटते. पण येथे पंडितालाही शब्दासाठी चुलीपाशी यावे लागले! आता गॅस घरोघर आला, हे चांगलेच झाले; धुराने डोळे चोळणे संपले. पण वैल, फुंकणी, उतरंड, शिंके हे शब्द आपल्या नातींना ठाऊक नाहीत. मंडळाने एक वही घालावी आणि प्रत्येकीने घरच्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून तीत दहा-दहा शब्द अर्थासह लिहावेत, एवढीच माझी विनंती आहे.