एका यंत्रात दोन बिऱ्हाडे



विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तेव्हापासून जुन्या संगणकात लिनक्स बसवावे काय, अशी पृच्छा पुष्कळ मंडळी करतात. अवश्य बसवावे, मात्र विंडोज पुसू नये, लिनक्सला दुसरी हार्ड डिस्क द्यावी, असे आमचे मत आहे.

आम्ही डिस्क वेगळी घेतली खरी, पण पहिली जोडलेलीच ठेवून लिनक्स बसविले. वर्षभराने पहिली निकामी झाली. लिनक्स दुसरीवर सुखरूप होते, तरी संगणक काही केल्या सुरू होईना! संगणक ज्या छोट्या ईएफआय विभागातून आरंभाच्या फायली वाचतो, तो पहिल्या डिस्कवर आधीच होता. लिनक्सच्या फायलीही तेथेच जाऊन बसल्या होत्या. भावाभावांनी वाडा वाटून घ्यावा आणि दिंडीदरवाजा एकाच्याच वाटणीत जावा, तशातली गत. मुलांची सारी छायाचित्रे त्या दारामागे अडकली. ती परत मिळेपर्यंत घरात आमच्याशी कोणी धड बोलले नाही.

तेव्हा बसविताना पहिली डिस्क काढून ठेवावी, काम झाल्यावर जोडावी. मग संगणक सुरू होतानाच्या यादीतून हवी ती डिस्क निवडता येते.

आणखी एक. लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले, तर घाबरू नये. यंत्रातील घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवावयास सांगितले की भागते. आम्ही मात्र आतला सेल दोनदा बदलला.