यात्रा, शंकरपट आणि रात्रीचें नाटक

शहरांतील कुटुंबें प्रवासाचा बेत करूं लागलीं म्हणजे प्रथम शाळेच्या सुट्ट्या पाहातात, मग आगगाडीचें वेळापत्रक उघडतात, आणि ज्या गांवीं जावयाचें तेथें त्या दिवसांत काय घडत असेल हा विचार बहुधा त्या गांवीं पोंचल्यावरच सुचतो. परिणाम ठरलेला असतो. देवालय पाहून होतें, किल्ला पाहून होतो, जंगलांत वाघ दिसतो किंवा दिसत नाहीं, आणि मंडळी परत येतात. तेथील माणसें वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहातात तो दिवस मात्र आठवड्यापूर्वीं होऊन गेलेला असतो, नाहीं तर आठवड्यानंतर यावयाचा असतो.

मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर माझात्लान नांवाचें बंदर आहे. तेथें जाणारे चाणाक्ष प्रवासी हा क्रम उलटा करतात. आधीं कार्निव्हलचा आठवडा कोणता, हिवाळ्यांतील बेसबॉलचे सामने केव्हां संपतात, हें पाहून मग ते उतरण्याची जागा ठरवितात. कार्निव्हलची तारीख ईस्टरवरून ठरते आणि ईस्टर पौर्णिमेवरून. म्हणजे तिकडेही चंद्राला विचारल्यावांचून गत्यंतर नाहीं. २०२६ सालच्या कॅलेंडरांत तेथील कार्निव्हलचा अखेरचा मंगळवार आणि इकडील महाशिवरात्र यांत अवघें दोन दिवसांचें अंतर आहे. समुद्र तेवढा वगळला, तर उत्सव आणि खेळ यांच्या अनुरोधानें प्रवास आंखण्याची ही रीत महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेकडील अरण्यप्रदेशालाही उत्तम लागू पडते.

हा प्रदेश म्हणजे जुना चांदा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचे चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे झाले; पण यात्रा, सोयरिकी आणि नाटकें यांनीं ती सीमा कधीं मानली नाहीं. बाहेरचे लोक येथें येतात ते बहुतेक ताडोब्यासाठीं. पावसाळ्यांत, म्हणजे जुलैपासून सप्टेंबरअखेर, तेथील गाभ्याचें जंगल बंद असतें, आणि एरवींही मंगळवारीं बंद असतें, एवढी माहिती बहुतेकांस असते. त्या जंगलाच्या भोंवतीं जी माणसें राहातात त्यांच्या पंचांगाची माहिती मात्र क्वचितच कोणी करून घेतो.

त्या पंचांगांतील सर्वांत भरलेला महिना माघ. धानाची कापणी आणि मळणी उरकलेली असते, हातांत थोडा पैसा खुळखुळत असतो, शेतें कोरडीं पडून टणक झालेलीं असतात आणि उन्हाचा ताप अद्याप सुरू झालेला नसतो. माघ शुद्धांत, वसंतपंचमीच्या सुमारास, चिमूरला बालाजीची यात्रा सुरू होते. लोक तिला घोडायात्रा म्हणतात. रात्रीं लाकडी घोड्यावर आरूढ झालेल्या बालाजीची मिरवणूक निघते, आणि ती पाहाण्यासाठीं भोंवतालच्या खेड्यांतून लोटणारी गर्दी सारें गांव व्यापून टाकते. चिमूरचें नांव शहरी वाचकांस १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळें ठाऊक असतें. घोड्यामुळें ठाऊक असणारे थोडे. ताडोब्याचीं कांहीं प्रवेशद्वारें याच तालुक्यांत असल्यामुळें एका मुक्कामांत दोन्ही साधतात. मात्र यात्रेच्या दिवसांत गांवांत खोली मिळेल या भरंवशावर कोणी जाऊं नये.

माघी पौर्णिमेला शेजारच्या गोंदिया जिल्ह्यांत, सालेकसा तालुक्यांतील कचारगडच्या गुहांपाशीं गोंड समाजाचा मोठा मेळावा भरतो. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले गोंड तेथें आपल्या मूळ पुरुषांचें स्मरण करतात. पुढें पंधरवड्यानें, माघ वद्य चतुर्दशीस, मार्कंडा. चामोर्शी तालुक्यांतील या स्थळीं दक्षिणेकडे वाहाणारी वैनगंगा वळून कांहीं अंतर उत्तरेकडे वाहाते. म्हणूनच येथील स्नानाला काशीची योग्यता मानतात. नदीकांठच्या दगडी मंदिरांवरील शिल्प पाहून एकोणिसाव्या शतकांत अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यासारखा पुरातत्त्वज्ञही थक्क झाला होता. शिवरात्रीच्या गर्दींत तें शिल्प निवांतपणें पाहातां येत नाहीं, हें खरें. ज्यांस मूर्ति पाहावयाच्या असतील त्यांनीं यात्रेच्या दोन-तीन दिवस आधीं जावें; ज्यांस माणसें पाहावयाचीं असतील त्यांनीं शिवरात्रीच्या पहांटे वाळवंटांत उभें राहावें. दोन्ही एकाच दिवशीं करूं पाहाणाऱ्यांच्या पदरीं बहुधा धूळच पडते.

तारखांविषयीं एक सूचना आवश्यक आहे. महाशिवरात्र २०२३ मध्यें १८ फेब्रुवारीस होती. मध्यें अधिक श्रावण आल्यामुळें ती २०२४ मध्यें ८ मार्चला गेली, २०२५ मध्यें २६ फेब्रुवारीस आली आणि २०२६ मध्यें १५ फेब्रुवारीस. तेव्हां गेल्या वर्षींच्या तारखेवरून यंदाचें तिकीट काढणारा मनुष्य हमखास फसतो.

आतां खेळ. या भागांतील हिवाळ्याचा खेळ म्हणजे शंकरपट, अर्थात् बैलजोड्यांची शर्यत. सरळ आंखलेल्या पट्टीवर हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी सुटते, धुरकरी जेमतेम तोल सांभाळून उभा असतो, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सारें संपतें. पाहुण्याला पहिल्या चार-पांच धांवा कळतच नाहींत. मग शेजारी उभा असलेला एखादा म्हातारा शेतकरी कोणत्या बैलाचा पाय कोठें अडला तें समजावून सांगतो, आणि त्यानंतर मात्र जागेवरून हलवत नाहीं.

हा खेळ मध्यंतरीं बंद होता. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रानें २०१७ मध्यें कायदा दुरुस्त केला, तरी प्रत्यक्ष परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजीं, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. बंदी मागणाऱ्यांचें म्हणणें निराधार नव्हतें. शेपटी पिरगळणें, आर टोंचणें, हे प्रकार पटावर होत असत, आणि ते डोळ्यांआड करून खेळाची थोरवी गाणें अप्रामाणिकपणाचें होईल. उलट, ज्या बैलाला घरच्या मुलाप्रमाणें पोसावयाचें त्याचें कौतुक करण्याचा एकच दिवस शेतकऱ्यापाशीं होता, तो काढून घेतला गेला, ही त्याची व्यथाही खोटी नव्हती. आतां पटासाठीं जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, पशुवैद्यकाकडून जनावरांची तपासणी करावी लागते, चाबूक आणि विजेचा धक्का यांस मनाई आहे. प्रवाशाच्या दृष्टीनें याचा अर्थ एवढाच कीं, भिंतीवरील जाहिरात म्हणजे खात्री नव्हे. परवानगी आली आहे काय, हें आयोजक मंडळास विचारूनच निघावें. आणि नियम पाळले जात नसतील तेथें टाळ्या वाजवूं नयेत.

दिवसा पट आणि रात्रीं नाटक, अशी झाडीपट्टीची जोडगोळी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. भाऊबीज झाली कीं मंडई भरूं लागतात आणि नाट्यमंडळ्या बाहेर पडतात, त्या थेट होळीपर्यंत. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हें या मंडळ्यांचें ठाणें. तेथें त्यांचीं कार्यालयें आहेत आणि कोणत्या रात्रीं कोणत्या गांवीं कोणतें नाटक आहे तें तेथेंच कळतें. नाटक रात्रीं दहाच्या पुढें उभें राहातें आणि पहांटे संपतें. मूळची परंपरा दंडारीची. पुढें तीवर संगीत नाटकाचा साज चढला. नट प्रेक्षकांशीं त्यांच्या झाडीबोलींत विनोद करतो, मध्येंच नाच होतो, आणि लगेच पुढच्या प्रवेशांत विधवा आईच्या विलापानें सारा मांडव रडतो. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हें प्रथम भडक वाटतें. दोन तास बसल्यावर त्याच्या ध्यानांत येतें कीं, तिकीट काढून आलेली, उघड्यावर थंडींत कांबळें पांघरून बसलेली हजारों माणसें एका शब्दालाही मुकूं इच्छीत नाहींत. असा प्रेक्षक शहरांतील कोणत्या नाट्यगृहास लाभतो? या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांस २०२३ मध्यें पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां दिल्लीच्या वृत्तपत्रांतून झाडीपट्टी हा शब्द छापून आला.

नाटकाच्या निमित्तानें घरोघर पाहुणे येतात आणि मुलामुलींच्या सोयरिकीही जुळतात. म्हणून ज्याची त्या गांवांत ओळख आहे त्यानें त्या घरींच उतरावें, आणि ज्याची नाहीं त्यानें वडसा किंवा ब्रह्मपुरी येथें खोली घेऊन पहांटे परत येण्याची गाडी आधींच ठरवावी. खेड्यांत रात्रीं दुसरें कांहीं मिळत नाहीं.

माघाखेरीज इतर दिवस थोडक्यांत सांगण्यासारखे आहेत. चैत्रांत चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा भरते. मराठवाडा आणि तेलंगण येथून भक्तांचे जथे येतात, झरपट नदीच्या कांठीं मुक्काम करतात. गोंड राणी हिराईचें नांव या देवालयाशीं जोडलेलें आहे. यात्रा थोर, पण ऊन त्याहून थोर. लहान मुलांस घेऊन जाण्याचा हा काळ नव्हे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चंद्रपुरांत दीक्षा दिली, त्याच्या स्मरणार्थ दरवर्षीं त्या सुमारास तेथें मोठा समारंभ होतो. ज्यांस आधुनिक मैदानी खेळांची आवड आहे त्यांनीं बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडासंकुलाची चौकशी करावी. डिसेंबर २०२३ मध्यें तेथें राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडला ठाकूरदेवाची यात्रा भरते. ती या यादींत घालावी कीं नाहीं, याबद्दल मतभेद होऊं शकेल. ज्या डोंगरांत देव आहे त्याच डोंगरांतून लोहखनिज काढलें जातें, आणि भोंवतालच्या माडिया गांवांच्या दृष्टीनें ती यात्रा केवळ उत्सव राहिलेली नाहीं. कोणी बोलाविल्याखेरीज तेथें जाऊं नये, आणि गेल्यास विचारल्यावांचून कोणाचें छायाचित्र घेऊं नये.

जाण्याच्या वाटा दोन आहेत. नागपूर–बल्लारशा मार्गानें येणारे चंद्रपूर स्थानकावर उतरतात. गोंदिया–बल्लारशा हा दुसरा मार्ग वडसा, नागभीड, मूल असा झाडींतून येतो, आणि त्याचें चंद्रपुरांतील स्थानक निराळें आहे. त्याचें नांव चांदा फोर्ट. नाटकासाठीं जाणाऱ्यांनीं हा दुसरा मार्ग धरावा, आणि परतीचें तिकीट कोणत्या स्थानकावरून काढलें आहे तें वडशाहून निघण्यापूर्वीं एकदां पाहून घ्यावें.